ताडपत्रीखालच्या कमानी

गेल्या चैत्रातली गोष्ट. भगूरच्या बाजूला द्राक्षांचा मळा असलेले एक गृहस्थ संध्याकाळी माझ्या दारी आले. चहा होईपर्यंत पाऊसपाण्याच्या आणि बाजारभावाच्या गप्पा झाल्या. मग त्यांनी कपबशी खाली ठेवली आणि मुद्द्याला हात घातला. "मास्तर, तुमच्या घराण्यात पूर्वी गाड्यांची कामं होत होती म्हणे. मला लाकडाच्या कमानी करून हव्यात."

मला वाटले, घरी लग्न निघाले असेल आणि मांडवाला कमानी हव्या असतील. तसे मी विचारलेही.

"मांडवाच्या नाही हो," ते म्हणाले, "मोटारीच्या."

या गृहस्थांना जुन्या वाहनांचे वेड आहे. दुसऱ्या महायुद्धातील एक अमेरिकन मालमोटार त्यांनी भंगाराच्या आवारातून सोडवून आणली होती. जी.एम.सी. बनावटीची, तिन्ही आसांना इंजिनाचा जोर मिळणारी, आणि सुकाणू डाव्या हाताला असलेली. इंजिन चालू झाले होते, रंग देऊन झाला होता, नवी ताडपत्रीही शिवून तयार होती. पण ती घालावयाची कशावर? हौद्याच्या दोन्ही कडांना लोखंडी खोबण्या होत्या. एके काळी त्यांत लाकडाच्या कमानी उभ्या असत. त्या केव्हाच नाहीशा झाल्या होत्या. एका खोबणीत कुजक्या लाकडाचा वीतभर तुकडा तेवढा उरला होता. तो त्यांनी रुमालात बांधून आणला होता, अस्थी आणाव्यात तसा.

लोखंडी नळी वाकवून देणारे दहा जण त्यांना भेटले होते. लाकूड वाकवून देणारा एकही भेटला नव्हता.

मी खडू धरणारा माणूस. वडिलांनी किकरे हाती दिले नाही, पुस्तक दिले. पण माझे चुलते नाना आमच्या घरातले शेवटचे सुतार. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी तो तुकडा घेतला, हुंगला, नखाने कोरून पाहिला, आणि रेषा कोठून कोठे वळली आहे ते बोटाने चाचपत म्हणाले, "हे लाकूड आपल्याकडचं नाही. पण वाकवलंय मात्र आपल्यासारखंच."

नानांच्या या एका वाक्याने माझी उन्हाळ्याची सुटी खाल्ली. अमेरिकेतल्या कारखान्यातील लाकूड आणि आमच्या ओसरीवरचे लाकूड एकाच रीतीने वाकवलेले कसे? आणि तसे असेल तर ही रीत आपल्याकडून गेली कोठे? राजेरजवाडे आणि लढाया यांचा इतिहास मी पोरांना वीस वर्षे शिकवीत आलो. गाडीवरच्या छपराचा इतिहास कोणी विचारीलसे वाटले नव्हते.

प्रथम शब्दच पाहा. कमान हा शब्द आपण फारसीतून घेतला, आणि तिकडे त्याचा अर्थ धनुष्य. आपण तो दरवाज्याला, पुलाला आणि गाडीच्या छपराला लावला. गंमत अशी, की मोटारीवरच्या या वाकवलेल्या लाकडाला इंग्रजही 'बो', म्हणजे धनुष्यच म्हणतात. आणि आपल्या डोंगरांत धामण नावाचे जे झाड आहे, ज्याचे लाकूड कावडीच्या दांड्याला आणि कुऱ्हाडीच्या दांड्याला आजही नावाजलेले आहे, त्याला संस्कृत वैद्यकग्रंथांत धनुर्वृक्ष असे नाव आहे. तीन भाषांतील माणसांना वाकलेल्या लाकडाकडे पाहून एकच वस्तू आठवली. ताडपत्रीची कथा मात्र उलटी. डांबर फासलेल्या कापडाला इंग्रजीत टारपॉलिन म्हणतात. आपल्या लोकांनी तो परका शब्द कानाने ऐकला आणि त्यात ओळखीचे ताडाचे पान शोधून काढले, असे मला तरी वाटते. ताडाचा आणि तिचा संबंध एवढाच.

गाडीवर छप्पर असावे ही कल्पना अतिशय जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात सूर्येच्या लग्नाचे सूक्त आहे. त्यात ती नवरी सासरी निघते तेव्हा तिची गाडी मनाची होती आणि त्या गाडीचे छप्पर आकाश होते, असे वर्णन येते. कवीने आकाशाला छपराची उपमा दिली, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे खरी, वाकलेली, दोन्ही बाजूंना टेकलेली छपरे असलीच पाहिजेत. मृच्छकटिकाची तर सारी गुंतागुंत पडदे लावलेल्या बंद गाड्यांवर उभी आहे. वसंतसेना चुकून शकाराच्या गाडीत चढते, आर्यक चारुदत्ताच्या गाडीत लपून निसटतो, आणि गाडीवानाला आत कोण बसले आहे याचा पत्ता नसतो. देवलांनी ते नाटक मराठीत आणले आणि आपल्या आजोबा-पणजोबांनी ते रात्ररात्र पाहिले. त्या गाड्या उघड्या असत्या तर नाटक पहिल्या घटकेतच संपले असते.

परंतु नाटकातली गाडी वेगळी आणि दख्खनच्या माळावरची वेगळी. आपल्या मुलखात मालाची ने-आण शेकडो वर्षे गाडीने फारशी होतच नव्हती. घाट चढून येणारे मीठ आणि उतरून जाणारे धान्य वंजारी-लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून जाई. पाठीवरच्या गोणीला कमान कसली? गाड्या होत्या त्या शेतापुरत्या. जड, भरीव चाकांच्या, काही तर दगडी चाकांच्या, आणि त्यांना ओढावयास बैलांची माळ लागे. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात इंदापूरकडे जमिनीची मोजणी व आकारणी चालू होती, त्या काळात गेसफर्ड नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने टेंभुर्णीस सुधारलेल्या गाड्यांचा कारखाना घातला. आऱ्यांची हलकी चाके, लोखंडी धाव आणि दोन बैलांना झेपेल असा साटा. इंग्रजांना सारा रोख हवा होता, त्यासाठी शेतकऱ्याचा माल बाजाराला पोहोचावयास हवा होता. धर्मादाय म्हणून कोणी तो कारखाना काढला नव्हता. तरी पुढे पक्के रस्ते झाले, मुंबई-आग्रा रस्त्यावर गाड्यांची रीघ लागली, आणि गावोगावच्या सुतारांनी ती गाडी आपलीशी केली.

गाडी लांबच्या रस्त्याला लागली तेव्हा तिला छप्पर आले. मालाच्या गाडीवर बहुधा बांबूच्या चिरफळ्या वाकवून त्यांवर तट्टे टाकीत. हे काम बुरुडाचे. माणसे नेणाऱ्या दमणीचे वा रेंगीचे छप्पर मात्र सुतार करी, आणि त्याला धामणीच्या किंवा तसल्याच चिवट लाकडाच्या कमानी घाली. १८६५ साली थळ घाटातून आगगाडी इगतपुरीस आली, तेव्हा गाडीवान आता उपाशी मरणार असे पुष्कळांना वाटले असेल. झाले उलटेच. स्टेशनापर्यंत माल आणावयास गाडीच लागे. घाटावरचा लांबचा पल्ला गेला आणि खेड्यापासून स्टेशनापर्यंतचा पल्ला शतपटीने वाढला.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली आपल्या ग्रंथाला 'गावगाडा' हे नाव दिले ते उगाच नव्हे. गावाच्या कारभाराला गाड्याची उपमा सुचावी इतका तो गाडा घरोघर होता. बलुतेदारांत सुतार थोरल्या कासेतला. औत आणि गाडी त्याच्या हातची, म्हणून खळ्यावर त्याचा वाटा आधी. माझ्या आजोबांच्या वेळेपर्यंत आमच्या घरी ज्वारी-बाजरी विकत आणण्याची वेळ कधी आली नाही, असे नाना सांगतात. ही बढाई असेलही. पण कणगी मी पाहिली आहे, आणि ती लहान नव्हती.

आता देवळालीकडे वळू. नाशिकपासून चार-पाच कोसांवरची ही छावणी इंग्रजी भाषेलाही ठाऊक आहे. नोकरीची मुदत संपलेले गोरे सोजीर विलायतेला जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथे महिनोन्महिने पडून राहत. काम नाही, करमणूक नाही आणि ऊन असे, की कित्येकांची डोकी फिरत. देवळाली हे नाव त्यांच्या तोंडी 'डूलॅली' झाले आणि वेडा या अर्थाने इंग्रजी कोशात जाऊन बसले. तेथल्या सोजिरांच्या वेडाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांचे सामान वाहणाऱ्या गाड्यांची डागडुजी करणाऱ्या आसपासच्या सुतार-लोहारांविषयी कोणी लिहिले नाही. लष्करी गाड्यांवर कमानी आणि त्यांवर कॅनव्हासचे आच्छादन, ही युरोपातली जुनी रीत. अमेरिकेत पेन्सिल्व्हानियातील कॉनेस्टोगा खोऱ्यात अठराव्या शतकात ज्या थोरल्या गाड्या होत, त्यांवरही अशाच लाकडी कमानी आणि पांढरे कापड असे. पुढे पश्चिमेकडे जाणाऱ्या वसाहतवाल्यांच्या गाड्या गवताच्या माळावरून चालल्या की दुरून शिडाच्या जहाजांसारख्या दिसत. त्याच देशाने मोटार बांधली तेव्हा घोडे गेले, पण कमान जशीच्या तशी राहिली.

त्या गृहस्थांच्या मोटारीची जात युद्धाच्या काळात साडेपाच लाखांवर निघाली. युद्धाच्या मध्यावर अमेरिकेत पोलादाची टंचाई भासू लागली. जहाजांना आणि रणगाड्यांना ते हवे होते. म्हणून या मोटारींचा पोलादी हौदा काढून लाकडी घालण्यात आला. इतक्या पुढारलेल्या देशाला अडचणीत सुतार आठवला! आसामातील लेडोपासून ब्रह्मदेशाच्या जंगलातून चीनमधील कुन्मिंगपर्यंत जो रस्ता काढला, त्यावरून जानेवारी १९४५ मध्ये निघालेला मोटारींचा पहिला तांडा ४ फेब्रुवारीस पोहोचला. त्या मुलखातला पाऊस ज्याने ऐकला आहे त्याला कमानीचे मोल सांगावयास नको.

युद्ध संपले आणि लष्कराला नको झालेला माल लिलावात निघाला. 'डिस्पोजल' हा शब्द त्या वेळी खेड्यापाड्यांत पोहोचला. डिस्पोजलचे बूट, डिस्पोजलच्या घोंगड्या, डिस्पोजलच्या मोटारी. नव्या मोटारी मिळण्याची मारामार होती. जनरल मोटर्सचा शिवडीचा जोडणीचा कारखाना १९२८ पासून होता, पण तो १९५४ साली बंदच झाला. टाटांच्या मर्सिडीझ-बेंझ मालमोटारी त्याच वर्षी निघू लागल्या. दरम्यानच्या वर्षांत ज्याला मालवाहतुकीचा धंदा करावयाचा त्याला लष्करी मोटार हा सोपा मार्ग होता. त्याच सुमारास, १ जून १९४८ रोजी, पुणे-अहमदनगर रस्त्यावर सरकारी एस.टी. सुरू झाली, आणि तिच्या पहिल्या गाड्यांचे सांगाडेही लाकडीच होते. सुताराच्या हाताला ही शेवटची मोठी भरती.

यानंतर जे घडले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि ते कोठल्या पुस्तकात नाही. मी ते नानांच्या तोंडून आणि रस्त्यावर उभे राहून शिकलो.

लष्करी मोटार विकत घेतली की मालक पहिली गोष्ट कोणती करी? कमानी उपटून टाकी. कारण साधे. कमानीखाली जेवढी जागा तेवढाच माल भरता येई. कमानी काढल्या की पोत्यांवर पोती रचून थर हवे तितके उंच नेता येत, वरून ताडपत्री ओढून दोरखंडाने आवळली की काम झाले. पोत्यांची रासच कमान झाली! आजही आपल्या महामार्गांवर पाहा. मालमोटारींच्या बाजू उंच, फळ्या रंगवलेल्या, फाळक्यावर वेलबुट्टी. पण कमान क्वचित. लष्कराच्या मोटारी तेवढ्या अजून कमानी मिरवतात. उपटलेल्या कमानी तेव्हा चुलीत गेल्या, गोठ्यात मेढी म्हणून गेल्या, एकदोन शाळेच्या कवायतीच्या मैदानावर गेल्या.

मग पाऊस आला आणि कांदा आला.

कांदा हे पोत्यातले गहू नव्हे. तो जिवंत कंद आहे, श्वास घेतो, तापतो. लासलगावची बाजार समिती १९४७ सालची; तिथून कांदा मोटारीत पडून मुंबईकडे निघाला, की त्याला पाऊस चालत नाही आणि कोंडमाराही चालत नाही. ताडपत्री थेट राशीवर पडली तर खळग्यात पाणी साठते, शिवणीतून टिपटिप गळते, आणि खालून कांद्याची वाफ तिला लागून पुन्हा पाणी होऊन ठिबकते. घाट उतरेपर्यंत वरचा थर ओला आणि दुसऱ्या दिवशी त्याला वास. राशीच्या आणि ताडपत्रीच्या मध्ये वीतभर वारा खेळावयास हवा. तो वारा म्हणजेच कमान. आडत्याने दोन वेळा भाव पाडला की मालकाला शहाणपण येई, आणि तो कमानी शोधीत सुताराकडे येई. मूळच्या कमानी जळून गेलेल्या. नव्या मागवाव्यात तर त्या सातासमुद्रापलीकडे. म्हणून घरगुती.

दुसरे गिऱ्हाईक यात्रेचे. १९५६ च्या सिंहस्थात नाशिकला यात्रेकरूंचा पूर लोटला. तेव्हा नाना दहा वर्षांचे. मालमोटारींवर कमानी बसवून, सतरंज्या अंथरून माणसे आणीत, आणि आजोबांच्या ओसरीवर त्या श्रावणात कमानींखेरीज दुसरे काम नव्हते. नाना जाळ घालावयास असत. "तुझे आजोबा खूश होते का?" असे मी विचारले. नाना बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पैसा आला रे. पण खळ्यावर जायचं बंद झालं ना. मोटारवाला पैसे टाकायचा नि कमान उचलायचा. नावानिशी कोणी बोलवायचं नाही. 'ओ मिस्त्री!' म्हणायचे."

पुढे बैलगाडीलाच रबरी टायर आले, लोखंडी आस आला. लोक तिला डनलॉपची गाडी म्हणू लागले. तुंबा, आरे, धाव, सारे एका पिढीत गेले. चाक आमच्या हातून आधी गेले आणि कमान मागाहून. ती गेली जोडकाम करणाऱ्याच्या लोखंडी नळीमुळे. नळी स्वस्त, लवकर होणारी, न कुजणारी. तिला मी दोष देत नाही. माझ्या शाळेची बाके मी स्वतःच लोखंडी घेतली आहेत.

असो. तर आमच्या कमानी.

धामण मिळवण्यातच पंधरा दिवस गेले. पेठ-हरसूलच्या बाजूला एका शेताच्या बांधावर वादळात पडलेले झाड मिळाले. परवान्याचे कागद पुरे करून ते आणले. नानांनी ते करवतू दिले नाही. पाचर मारून उभे फोडले, कारण फोडलेले लाकूड आपल्या रेषेने फुटते, करवत मात्र रेषा कापीत जाते, आणि कापलेली रेषा वाकताना तेथेच उलते. सवा इंच जाड आणि दोन इंच रुंद अशा पट्ट्या रंध्याने केल्या. मोटारीचा हौदा साडेसहा फुटांहून अधिक रुंद. एवढी लांब, निर्मळ, बिनगाठीची सलग पट्टी धामणीच्या झाडात मिळणे कठीण. म्हणून प्रत्येक कमान दोन अर्ध्यांची, माथ्यावर एकमेकींवर चढवून बोल्टाने आवळावयाची. हे अमेरिकन नकाशात नसेल. पण आजोबा असेच करीत.

वाफ कोठून आणायची? घरात पाणी तापवण्याचा तांब्याचा जुना बंब होता. त्याच्या झाकणाला ओले फडके गुंडाळून तोंड बंद केले आणि तेथून एक नळी पत्र्याच्या पन्हळीत सोडली. दोन पन्हळी एकमेकींवर उपड्या घालून, वर गोणपाट बांधून, आत लाकूड. दुसरे तोंड मोकळेच ठेवले, नाहीतर वाफेने बंब उडाला असता. ही सूचना माझी, पदार्थविज्ञान शिकवतो म्हणून. इंचाला एक तास या हिशेबाने सवा तास. लाकडाच्या तंतूंना चिकटवून धरणारे लिग्निन म्हणून द्रव्य आहे, ते ओल्या उष्णतेने मऊ होते आणि थंड झाले की पुन्हा घट्ट धरते; सारी विद्या एवढीच. पण एवढ्यातच मिनिटभराचा खेळ असतो. बाहेर काढल्याबरोबर वाकवावे लागते, थांबलात की गेले.

पहिली पट्टी मी मोडली. वाफेतून काढली, साच्याच्या खुंट्यांवर टेकवली आणि जोर केला. बाहेरच्या अंगाने चर्र असा आवाज झाला आणि तंतू उभे राहिले. नाना रागावले नाहीत. आत जाऊन त्यांनी माळ्यावरून एक गंजलेली लोखंडी पट्टी आणली. तिच्या दोन्ही टोकांना ठोकळे बसवलेले. ती पट्टी लाकडाच्या बाहेरच्या अंगाला लावावयाची, लाकडाची टोके ठोकळ्यांत घट्ट बसवायची, आणि मग दोन्ही एकदम वाकवायची. "लाकूड दाबलेलं सोसतं," ते म्हणाले, "ताणलेलं सोसत नाही." हे अगदी शास्त्रीय आहे. वाफवलेले चांगल्या जातीचे लाकूड दाबाने चौथ्या हिश्शापर्यंत आखडू शकते, ताणाने मात्र शंभरात दोन भागही लांबत नाही. लोखंडी पट्टी बाहेरचे अंग लांबू देत नाही. सारा भार आतल्या दाबावर जातो.

मायकेल थोनेट नावाच्या जर्मन सुताराने वाफवून लाकूड वाकवण्याच्या कृतीचे पेटंट १८५६ साली व्हिएन्नात घेतले. १८५९ सालची त्याची चौदा नंबरची खुर्ची जगभर गेली. सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, आणि घनमीटरभर पेटीत सुट्या छत्तीस खुर्च्या. आपल्याकडच्या जुन्या इराणी हॉटेलांतील वळणदार लाकडी खुर्च्या त्याच कुळातल्या. त्याच्या यशाचे मर्म हीच लोखंडी पट्टी होती. थोनेटचे नाव नानांनी ऐकलेले नाही. त्यांच्या बापाने ती पट्टी कोठे पाहिली, देवळालीच्या छावणीत की आपल्याच गुरूकडे, हे आता विचारावयाचे कोणाला? नानांना वाटते, ती आमच्या घरची. मला छावणीचा संशय येतो. आम्ही दोघांनी त्यावर एक पूर्ण दुपार वाद घातला, आणि जाळ विझला.

दुसरी पट्टी वाकली. तिसरीत लपलेली गाठ निघाली, ती गेली. मग हात बसला. नाना म्हणत, "हं, आता," आणि आम्ही दोघे दोन बाजूंनी चालत जायचो, ओढायचे नाही, फक्त चालायचे, आणि लाकूड आमच्याबरोबर येई. साचा हव्या त्या वळणाहून थोडा अधिक आवळ केला होता, कारण मोकळे केले की लाकूड थोडे मागे येतेच. आठवडाभर साच्यात, मग सावलीत. उभे पाय सरळ, कोपरा गोल, आणि माथा मध्ये किंचित उचललेला. माथा अगदी सपाट ठेवला तर पाणी तेथेच तळे करील. त्या दोन बोटांच्या उचलीवर नानांनी माझ्याकडून तीन वेळा काम करून घेतले.

ज्येष्ठ संपता संपता आम्ही त्या मळ्यावर गेलो. कमानी खोबण्यांत बसल्या. एक बसेना; नानांनी पायाचा तळ दोन सुती तासला, मग तीही बसली. गृहस्थांनी नारळ आणला होता. ताडपत्री चढवून दोरखंड आवळले. मी शिक्षकी स्वभावाप्रमाणे मळ्यातली पाण्याची नळी घेऊन वर पाणी सोडावयास सांगितले. पाणी माथ्यावरून दोहीकडे सरकले आणि कडेने धारा लागल्या. आत शिरून मी हात फिरवला. ताडपत्री कोरडी होती, आणि तिच्या-माझ्या मध्ये वारा होता.

गृहस्थ मजुरी किती म्हणून विचारू लागले. नाना हिशेब सांगेनात. ते हौद्यात चढून एकेका कमानीवर टिचकी मारून आवाज ऐकत होते. शेवटी खाली उतरले, धोतराचा सोगा झटकला आणि म्हणाले, "नावानिशी लिहून द्या एका कागदावर, की या कमानी अमक्यानं केल्या. पैशाचं मास्तर बघतील."

गृहस्थांनी कागद लिहून दिला. नानांनी तो वाचला नाही, घडी करून बंडीत ठेवला. घरी आल्यावर मी मोडलेली पहिली पट्टी सरपणात टाकू लागलो, तर त्यांनी हात धरला.

"ती नको जाळू," ते म्हणाले. "कुऱ्हाडीला दांडा होईल तिचा."